जुनी डिझेल पिकअप घेताना : गाडीची पत कशी पारखावी?

व्यापारात मालाच्या खरेदीइतकेच महत्त्व त्याच्या ने-आणीला आहे, हे सभासद बंधूंना नव्याने सांगावयास नको. घाऊक पेठेतून निघालेला माल गिऱ्हाइकाच्या दारी वेळेवर आणि धडधाकट पोहोचला, तरच तो खऱ्या अर्थाने विकला गेला असे म्हणता येते. पूर्वी हे काम आपण हातगाडीवर, भाड्याच्या टेम्पोवर किंवा ट्रान्सपोर्ट कंपनीवर सोपवीत असू. अलीकडे मात्र मध्यम प्रतीच्या दुकानालाही स्वतःची एक पिकअप असावी असे वाटू लागले आहे आणि ते योग्यही आहे. नवी गाडी घ्यावी तर बरेच भांडवल एका जागी अडकून पडते. यास्तव पुष्कळ बंधू जुन्या गाडीचा विचार करतात.

जुनी गाडी घेण्यात कमीपणा तर नाहीच, उलट शहाणपण आहे. परंतु ते पारख करून घेतली तर. एखादा नवा गिऱ्हाईक आपल्या पेढीवर उधारी मागावयास आला, तर त्याच्या अंगावरचे कपडे पाहून आपण खाते उघडत नाही. त्याचे मागचे व्यवहार कसे होते, देणे वेळेवर देतो की नाही, मागच्या पेढीशी त्याचे का बिनसले, याची चार ठिकाणी चौकशी करतो. यालाच आपण पत पाहणे म्हणतो. जुन्या गाडीलाही अशीच एक पत असते. नवा रंग, चकचकीत टायर आणि ताजी गादी हे तिचे कपडे होत. तिची पत तिच्या मागील कामात, मागील चालकाच्या हातात आणि मागील मालकाच्या कागदांत असते. ती कशी पारखावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

१. आधी माल, मग गाडी

पुष्कळदा आपण गाडी पाहतो, ती आवडते आणि मग तिच्यात काय भरावयाचे याचा विचार करतो. क्रम याच्या उलट असावा. प्रथम एक महिनाभर रोज किती माल, किती वजनाचा आणि किती अंतरावर जातो, याची नोंद ठेवावी. कापडाचे गठ्ठे, औषधांची खोकी आणि प्लास्टिकच्या वस्तू जागा फार अडवितात, पण वजनाने हलक्या असतात. भांडी, हार्डवेअर, धान्य आणि तेलाचे डबे यांची गोष्ट वेगळी; हौदा अर्धा भरला न भरला तोच वजनाची मर्यादा गाठली जाते. पहिल्या व्यापाऱ्यास लांब हौदा हवा, दुसऱ्यास मजबूत पाटे हवेत.

आपल्याकडे मिळणाऱ्या गाड्यांचे ढोबळ मानाने तीन वर्ग पडतात. टाटा एस, जिला बाजारात ‘छोटा हत्ती’ म्हणतात, ती २००५ साली आली. मूळच्या गाडीत ७०२ घनसेंटिमीटरचे, दोन सिलिंडरांचे, सोळा अश्वशक्तीचे डिझेल इंजिन असून तिची वाहनक्षमता सुमारे पाऊण टन आहे. गल्लीबोळांतून फिरण्यास तिच्यासारखी सोयीची गाडी नाही. मात्र भरल्या मालाने घाट चढणे हे तिचे नित्याचे काम समजू नये. दुसऱ्या वर्गात २०११ साली आलेली अशोक लेलँडची दोस्त ही गाडी येते. तिचे इंजिन तीन सिलिंडरांचे, १४७८ घनसेंटिमीटरचे आणि क्षमता सव्वा टनाच्या आसपास. टाटांची २०१९ साली आलेली इंट्राही याच पंगतीतली. तिसरा वर्ग महिंद्रांची बोलेरो पिकअप, टाटांची जुनी २०७ आणि २०१७ साली आलेली योधा यांचा. बोलेरो पिकअपचे २५२३ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे इंजिन जिल्ह्याच्या गावीदेखील मेकॅनिकांच्या हातचे झालेले आहे. निरनिराळ्या प्रकारांनुसार ही गाडी सव्वा टनापासून पावणेदोन टनांपर्यंत व त्याहून अधिकही माल वाहते.

येथे एक हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा. नोंदणीपुस्तकात दोन वजने लिहिलेली असतात : एक गाडीचे रिकामे वजन आणि दुसरे मालासह एकूण वजन. या दोहोंतील फरक म्हणजे आपणास कायद्याने भरता येणारा माल. परंतु मागील मालकाने हौद्यास जाड पत्रे मारले असतील, लोखंडी सांगाडा व ताडपत्रीची कमान उभारली असेल, तर रिकामे वजन पुस्तकातल्यापेक्षा शे-दोनशे किलोंनीही वाढलेले असू शकते. तेवढा आपला माल कमी झाला. म्हणून सौद्यापूर्वी रिकामी गाडी वजनकाट्यावर घालून पावती घ्यावी. काट्याचा खर्च किरकोळ असतो. त्यातून कळणारी गोष्ट मात्र पुढे वर्षानुवर्षे उपयोगी पडते.

मर्यादेबाहेर माल भरण्याचा मोह सर्वांनाच होतो. २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १९४ व्या कलमान्वये जादा मालाबद्दल वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास दोन हजार रुपये दंड आहे. शिवाय जादा माल तेथेच उतरवून घ्यावा लागतो. दंड एकदाच बसतो, पण पाटे, बेअरिंग, क्लच आणि ब्रेक यांचे नुकसान रोज होत राहते. सव्वा टनाच्या गाडीत दोन टन भरण्यापेक्षा एक वर्ग वरची गाडी घेणे केव्हाही स्वस्त पडते.

२. आराम ही चैन नव्हे

गाडी विकत घेतो मालक आणि तीत आठ-दहा तास बसतो चालक. त्यामुळे खरेदीच्या वेळी आरामाचा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. ‘माल वाहावयाची गाडी, तिला कसला आराम?’ असे बोलले जाते. हे बोलणे व्यापारी हिशेबातही खोटे ठरते. बेळगावहून सकाळी निघून चोर्ला घाटाने साखळी, पुढे म्हापसे व पणजी येथे माल उतरवून रात्री परत येणारा चालक शेवटच्या दोन तासांत किती सावध असेल, यावर आपला माल, आपली गाडी आणि त्याचा स्वतःचा जीव अवलंबून असतो. पाठ धरलेला माणूस वळणावर उशिरा ब्रेक दाबतो. म्हणून आसन हा गाडीचा ब्रेकाइतकाच महत्त्वाचा भाग मानावा.

सौद्याच्या वेळी चालकाला बरोबर न्यावे आणि त्यालाच आधी आसनावर बसवावे. गुडघा स्टिअरिंगला लागतो का? क्लच पूर्ण दाबण्यासाठी कमरेतून सरकावे लागते का? पाठीला टेकू मिळतो का? आरसे मान न वळविता दिसतात का? ही गोष्ट मालकाने बसून कळणार नाही. चालकाची उंची आपल्यापेक्षा निराळी असते. टाटा एस आणि तिच्या जातीच्या गाड्यांत इंजिन आसनाखाली असते. त्यामुळे उन्हाळ्यात केबिन तापते आणि आवाजही जास्त येतो. अशा गाडीत आसनाखालचे उष्णतारोधक अस्तर शाबूत आहे की मेकॅनिकाने काढून फेकले आहे, हे पाहावे. बोलेरो पिकअप किंवा योधा यांत इंजिन पुढे बॉनेटखाली असते. चालकाला त्याचा त्रास कमी होतो आणि समोर काही अंतरही राहते.

पॉवर स्टिअरिंग असलेली गाडी मिळत असेल तर तीच घ्यावी. पेठेत दिवसातून पन्नास वेळा मागेपुढे करताना खांद्यांवर पडणारा ताण त्यामुळे पुष्कळच हलका होतो. वातानुकूलनाबद्दल सांगावयाचे तर, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालमोटारींना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. आपल्या लहान पिकअप या नियमात येत नाहीत, परंतु नियमामागील विचार आपणही घ्यावा. जुन्या गाडीत निदान पंखा, खिडकीची चालती काच, पाऊस आत न येणारे रबर आणि नवी बैठक एवढे करून देण्यास थोडकाच खर्च येतो. चांगला चालक टिकवून ठेवण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

३. कोणत्या काळाची गाडी?

डिझेल गाडीची जन्मतारीख केवळ वयासाठी पाहावयाची नसते. तिच्या धुराचे नियम त्यावरून ठरतात. देशभर भारत स्टेज चार हे मान १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज सहा हे मान १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. पूर्वीची इंजिने साधी होती. पाना आणि अनुभव यांच्या जोरावर ती दुरुस्त होत. कॉमन रेल पद्धतीची इंजिने डिझेल कमी जाळतात व हळू आवाजात चालतात, पण त्यांचे इंजेक्टर आणि उच्च दाबाचा पंप महाग असतात. भेसळीचे वा पाणीमिश्रित डिझेल त्यांना सोसत नाही. अशी गाडी घेताना डिझेल फिल्टर वेळच्या वेळी बदलल्याच्या पावत्या मागितल्याच पाहिजेत.

२०२० नंतरच्या डिझेल गाडीत बहुधा धूर गाळणारी जाळी असते. तीत काजळी साठते आणि गाडी लांबवर, तापलेल्या इंजिनाने चालली की ती आपोआप जळून जाते. जी गाडी दिवसभर पेठेत दोन-दोन किलोमीटर फिरून बंद होते, तिची जाळी साफ होण्यास अवसर मिळत नाही. ती तुंबते, डॅशबोर्डावर दिवा लागतो आणि इंजिनाची ताकद कमी होते. काही गाड्यांना युरियाचे द्रावणही वेगळे भरावे लागते. ज्यांचे काम गावातल्या गावातच आहे, त्यांनी डिझेलचा हट्ट धरू नये. पेट्रोल वा सीएनजीची गाडी त्यांच्या उपयोगाची. रोज पन्नास-साठ किलोमीटर रस्ता, भरला माल आणि घाट असेल, तर मात्र डिझेलला तोड नाही.

वयाचा दुसरा परिणाम पासिंगवर होतो. मालवाहू गाडीचे पासिंग पहिली आठ वर्षे दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी करावे लागते. म्हणजे सात वर्षांची गाडी घेतली, तर पुढच्याच वर्षापासून दर वर्षी एक-दोन दिवस आणि त्याआधीची डागडुजी यांचा खर्च धरावा लागेल. ग्वाल्हेरच्या ज्या बंधूंचा दिल्लीशी व्यवहार आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. राजधानी क्षेत्रात दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांना २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने मनाई केली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २०२५ साली न्यायालयाने या बाबतीत काही फेरफार केले. हा नियम बदलता असल्याने सौद्याच्या दिवशी काय लागू आहे, ते विचारूनच पैसे मोजावे.

४. गाडीचा पूर्वेतिहास

पत पाहण्याचा मुख्य भाग हा. एकाच साली, एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्या पाच वर्षांनी दोन निराळ्या गाड्या होतात. एकीने बेकरीचा माल वाहिला, दुसरीने वाळू. म्हणून विक्रेत्यास पहिला प्रश्न किमतीचा न विचारता ‘ही गाडी कोणत्या धंद्यात होती?’ असा विचारावा.

बिस्किटे, औषधे, कापड किंवा कुरिअर यांच्या कामातील गाडी वजनाने कमी थकलेली असते, मात्र किलोमीटर पुष्कळ झालेले असतात. दूध व भाजीच्या गाड्या पहाटे वेगाने धावलेल्या असतात. त्यांचे ब्रेक व क्लच पाहावेत. वाळू, खडी, विटा, लोखंडी सळया वाहिलेली गाडी चासीने थकलेली असते. तिला रंग कितीही चढविला तरी ती टाळावी. कोकणातून व गोव्यातून येणाऱ्या मासळीच्या गाड्यांचा एक वेगळाच दोष असतो. बर्फाचे खारे पाणी हौद्यातून झिरपून चासीवर, ब्रेकच्या नळ्यांवर आणि विजेच्या तारांवर पडत राहते. वरून गाडी ठाकठीक दिसते. खाली हातोडीने हलके ठोकले की गंजाचे पापुद्रे गळतात. समुद्रकाठी राहिलेली कोणतीही गाडी खड्ड्यावर उभी करून खालून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

याहून मोठा धोका पुरात बुडालेल्या गाडीचा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या जिल्ह्यांत, तसेच जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे मोठे पूर आले. बडोद्यास २०१९ व २०२४ साली आणि हैदराबादेस ऑक्टोबर २०२० मध्ये पाणी शिरले. अशा वेळी बुडालेली वाहने धुऊन-पुसून दूरच्या गावी विकली जाणे शक्य असते. त्यांची ओळख पटण्याच्या खुणा आहेत. आसनाच्या सरकपट्ट्यांवर गंज, डॅशबोर्डाच्या आतील कोपऱ्यांत गाळाची बारीक माती, दिव्यांच्या काचेत ओल, पट्टा पूर्ण ओढला असता त्याच्या आतल्या भागावर चिखलाची रेषा आणि डिफरन्शियलच्या तेलाचा दुधट रंग. यांपैकी दोन खुणा दिसल्या तरी सौदा सोडावा, कारण विजेच्या जोडण्यांतील गंज हळूहळू वाढत जातो आणि त्यावर कायमचा इलाज नाही.

५. प्रत्यक्ष पाहणी

गाडी पाहावयास जाताना सकाळी, आगाऊ न कळविता जावे. किंवा कळविलेच तर इंजिन सुरू करू नका असे बजावून सांगावे. प्रथम इंजिनावर हात ठेवावा. ते गरम असेल तर विक्रेत्याने आपण येण्यापूर्वी गाडी चालू करून ठेवली आहे. तिचा खरा दोष थंड इंजिन सुरू करतानाच दिसतो. थंड इंजिन थोड्या प्रयत्नात सुरू होऊन लवकरच एका लयीत चालावे.

धुराचा रंग डॉक्टराला नाडी सांगते तितके सांगतो. सुरू होताना क्षणभर पांढुरका धूर येणे साहजिक आहे. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर डिझेल नीट जळत नाही किंवा रेडिएटरचे पाणी सिलिंडरात उतरते आहे असे समजावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर फिल्टर तुंबल्यामुळे असेल तर खर्च किरकोळ, इंजेक्टर किंवा टर्बो यांमुळे असेल तर मोठा. चालू इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. तेथून फुफाट्यासारखी वाफ जोराने बाहेर येत असेल, तर मेकॅनिक म्हणतात त्याप्रमाणे इंजिन ‘बॅक कॉम्प्रेशन’ मारते आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असून इंजिन उघडण्याची वेळ जवळ आली आहे. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का, तेही पाहावे.

नंतर गाडीखाली शिरावे. केबिनच्या मागे, जेथे हौदा सुरू होतो, तेथे चासीवर सर्वांत जास्त ताण पडतो. तेथे वेल्डिंगची नवी शिवण, जोडपट्टी किंवा एकाच जागी ताजा काळा रंग दिसला, तर गाडी मोडून जोडली आहे असे धरून चालावे. पाटे दोन्ही बाजूंना सारख्या संख्येचे आहेत का? एखादा वाढवला आहे का? वाढविलेले पाटे म्हणजे जादा मालाची कबुलीच. टायरच्या कडेवर चार अंक कोरलेले असतात. ३५२१ असे असेल तर तो टायर २०२१ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. टायर एका कडेने जास्त झिजला असेल, तर पुढील चाकांची जुळणी बिघडली आहे किंवा चासीच वाकली आहे. किलोमीटरच्या आकड्यावर मात्र भरवसा ठेवू नये. तो आकडा बदलता येतो. क्लच व ब्रेकच्या पेडलांचे घासलेले रबर, गिअरच्या दांड्याची झिजलेली मूठ आणि सर्व्हिसच्या पावत्या यांवरूनच गाडी किती चालली, हे अधिक खरे कळते.

६. चालवून पाहणे

रिकामी गाडी गल्लीत एक फेरी मारून आणणे ही चाचणी नव्हे. विक्रेत्याच्या संमतीने निदान अर्धा टन माल भरावा आणि चढणीचा रस्ता धरावा. बेळगावकरांना चोर्ला घाट आहे, सावंतवाडीच्या बाजूस आंबोली आहे, गोव्याकडे अनमोड आहे. जेथे घाट नाही तेथे उड्डाणपूल तरी असतोच. चढणीवर तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकू लागला, तर रेडिएटर, पंखा किंवा पाण्याचा पंप यांत दोष आहे. उतरणीवर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून पाय सोडावा; गिअर आपोआप सुटला तर गिअरबॉक्सचे काम निघाले. उतरताना केवळ ब्रेकवर गाडी आवरण्याची सवय मागील चालकाला असेल, तर ब्रेकचे ड्रम तापून निळसर पडलेले आढळतात.

क्लचची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट लावावा, तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच ठीक. चालूच राहिले तर त्याची प्लेट घासली आहे. सपाट, रिकाम्या रस्त्यावर बेताच्या वेगात ब्रेक दाबला असता गाडी एका बाजूस ओढता कामा नये. मागून घुमल्यासारखा आवाज वेगाबरोबर वाढत असेल, तर डिफरन्शियल किंवा चाकाची बेअरिंग तपासावी. ही सर्व चाचणी आपल्या विश्वासातील मेकॅनिकाकडून करवून घ्यावी. विक्रेत्याने सुचविलेल्या मेस्त्रीचे मत ऐकावे, पण त्यावर पैसे देऊ नयेत.

७. कागद आणि सीमा

आपली वस्ती दोन-तीन राज्यांच्या सांध्यावर असल्याने कागदांचा विषय आपणास इतरांपेक्षा जास्त जवळचा. बेळगावची २२ क्रमांकाची कर्नाटकी गाडी, कोल्हापूरची ०९ क्रमांकाची महाराष्ट्रीय गाडी आणि गोव्याची गाडी एकाच पेठेत उभ्या असतात. परराज्यातील गाडी स्वस्त मिळते, हे खरे. परंतु बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवावयाची असेल तर तेथे नवी नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचा ना हरकत दाखला, म्हणजे २८ क्रमांकाचा फॉर्म, लागतो आणि नव्या राज्याचा कर भरावा लागतो. हा कर आणि येण्याजाण्याचे दिवस किमतीत मिळवूनच ती स्वस्त आहे की महाग, हे ठरवावे.

मालकी बदलण्यासाठी २९ व ३० क्रमांकांचे फॉर्म लागतात. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर वित्तसंस्थेचा ना-देय दाखला आणि ३५ क्रमांकाचा फॉर्म घेतल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे त्याच राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत व घेणाऱ्याने तीस दिवसांत कार्यालयास कळवावयाचे असते. यात कुचराई करणे दोघांनाही बाधक आहे. नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव राहिले तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. आपली जुनी गाडी विकताना सह्या केलेले कोरे फॉर्म दलालाच्या हाती देऊन मोकळे होणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी ठेवावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना नोंदणी कार्यालयाचे अधिकारपत्र घेण्याची सोय व बंधन आहे. ते त्याच्याजवळ आहे का, हे विचारण्यास संकोच बाळगू नये.

परवान्याबद्दल एक गोष्ट. एकूण वजन तीन हजार किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीस परवाना लागत नाही; त्याहून अधिक वजनाच्या गाडीस लागतो, आणि सीमा ओलांडावयाची तर त्या दृष्टीचा परवाना हवा. रोज बेळगाव-कोल्हापूर किंवा बेळगाव-गोवा करणाऱ्यास हा फरक मोठा आहे. चालकाच्या परवान्याबाबत २०२४ साली घटनापीठाने निर्वाळा दिला आहे की साडेसात हजार किलोंपर्यंतचे मालवाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते. विम्यातील त्रयस्थाचे संरक्षण गाडीबरोबर येते, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण आपोआप येत नाही. चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नाव बदलून घ्यावे. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घातला की पासिंग, विमा, बोजा आणि थकलेले दंड बव्हंशी समजतात. हे काम सौद्याच्या आदल्या रात्री घरी बसून करता येते.

८. किमतीचा हिशेब

आता उदाहरणादाखल एक हिशेब मांडतो. यातील आकडे केवळ रीत समजावी म्हणून धरलेले आहेत. एक गाडी ३,२०,००० रुपयांस मिळते. तिला टायर, क्लच व इंजेक्टर यांचे ८०,००० चे काम आहे. वर्षास ३५,००० दुरुस्तीला लागतील आणि वर्षातून अठरा दिवस ती गॅरेजमध्ये राहील. त्या दिवशी भाड्याचा टेम्पो २,५०० रुपयांस. तीन वर्षांत दुरुस्तीचे १,०५,००० आणि टेम्पोचे १,३५,००० धरून एकूण ६,४०,००० झाले. ती १,७०,००० ला विकली, तर निव्वळ खर्च ४,७०,०००.

दुसरी गाडी ४,४०,००० ची. सुरुवातीस २०,००० चे काम, वर्षास १८,००० दुरुस्ती, वर्षातून सहा दिवस बंद. तीन वर्षांचे ५४,००० आणि ४५,००० धरून एकूण ५,५९,०००. ती २,६०,००० ला विकली, तर निव्वळ खर्च २,९९,०००. म्हणजे घेताना जी १,२०,००० रुपयांनी महाग वाटली, ती तीन वर्षांत १,७१,००० रुपयांनी स्वस्त पडली. यात वेळेवर माल न पोहोचल्याने तुटलेले गिऱ्हाईक धरलेलेच नाही. प्रत्येकाने आपले आकडे घालून हीच मांडणी करावी.

९. सौद्याच्या दिवशी विचारावयाचे प्रश्न

गाडी कोणत्या धंद्यात होती आणि कोणत्या गावी? मालक किती झाले? विकण्याचे कारण काय? सर्व्हिसच्या पावत्या आहेत का? रिकामे वजन काट्यावर किती भरले? इंजिन थंड असताना सुरू करून पाहिले का? मालासह चढणीवर नेली का? चासीवर जोड आहे का? बोजा, कर, विमा, पासिंग आणि दंड तपासले का? आणि अखेरचा, पण माझ्या मते पहिला प्रश्न : आपला चालक तीत बसून काय म्हणाला?

या दहा प्रश्नांची उत्तरे वहीच्या एका पानावर लिहून काढावीत आणि मगच विसार द्यावा. विक्रेत्याने कोणत्याही प्रश्नाला ‘त्यात काय एवढे पाहायचे?’ असे उत्तर दिले, तर वही मिटून घरी यावे. पेठेत गाड्या पुष्कळ आहेत. आपल्या वाडवडिलांनी पत पाहूनच व्यवहार केले आणि म्हणून त्यांच्या पेढ्या टिकल्या. हीच रीत चार चाकांच्या बाबतीतही पाळली, तर आपला माल वेळेवर पोहोचेल आणि आपला चालक रात्री सुखरूप घरी येईल.